पांढरीचे वावर

प्रवरेच्या काठी आमच्या परिचयाचे एक ख्रिस्ती कुटुंब आहे. गेल्या वर्षी त्या घरात दोघा भावांची वाटणी झाली आणि साक्षीदार म्हणून आम्हाला बोलावणे आले. अंगणात बाज टाकून तिच्यावर सातबाऱ्याचे उतारे आणि गटाचा नकाशा मांडला होता. थोरला एका गटाचा क्रमांक सांगे, धाकटा दुसऱ्या. कोपऱ्यात बसलेल्या त्यांच्या वृद्ध मातोश्रींना त्या आकड्यांचा काही बोध होईना. अखेर त्या म्हणाल्या, "आकडे नका सांगू रे. चिंचेचं वावर कुणाला, आसरांची पट्टी कुणाला आन् पांढरीचं वावर कुणाला, तेवढं सांगा."

सारे हसले. पण खरे सांगायचे तर, त्या क्षणापर्यंत जी वाटणी केवळ कागदावर चालली होती, ती त्या तीन नावांमुळे जमिनीवर उतरली. चिंचेच्या वावरात आज चिंच नाही. आसरा म्हणजे पाण्यातील देवता. त्या घराण्याने ख्रिस्ती श्रद्धा स्वीकारून तीन पिढ्या लोटल्या, तरी पट्टीचे नाव तेच राहिले. आणि पांढरीच्या वावरात नांगराच्या तासाला खापरांचे तुकडे निघतात, म्हणून ते घ्यायला दोघेही भाऊ नाखूश होते. आम्ही मातोश्रींना विचारले, "आजी, त्याला पांढर का म्हणतात?" त्या म्हणाल्या, "पूर्वी कुणी तरी राहत होतं तिथं." "कोण?" "ते काय ठावं? आपल्या आधीचे."

'आपल्या आधीचे' हे शब्द आमच्या मनातून अद्याप गेलेले नाहीत. ज्यांचे नाव, भाषा, देव, कूळ यांपैकी काहीच आपणांस ठाऊक नाही, अशा आपल्या आधीच्या माणसांचे आपण काही देणे लागतो काय? आणि लागत असू, तर ते फेडावे कसे? या प्रश्नाचा विचार आम्ही वाचकांसह करू इच्छितो.

आपल्या मराठी भाषेने गावाच्या भूमीचे दोन भाग केले आहेत. काळी म्हणजे पिकाची जमीन आणि पांढरी म्हणजे वस्तीची. माणसांच्या अनेक पिढ्या एका जागी नांदल्या, की चुलीची राख, गोठ्यातील शेण आणि पडलेल्या भिंतींची माती यांचे थर एकावर एक साचत जातात आणि ती जागा भोवतालच्या काळ्या रानाहून फिकट दिसू लागते. वस्ती उठून जाते, घरे नाहीशी होतात, पण मातीचा रंग उरतो, आणि त्या रंगावरून पडलेले नावही उरते. पुरातत्त्वाचे अभ्यासक जुन्या वसाहतींचा शोध घेताना नदीकाठच्या अशाच पांढरीच्या टेकाडांकडे वळतात. शेतकऱ्याच्या तोंडचा एक साधा शब्द, पण तो हजारो वर्षांपूर्वीच्या वस्तीची निशाणी सांगतो.

आपला नगर जिल्हा या बाबतीत फार भाग्यवान आहे. संगमनेर तालुक्यातील जोर्वे या गावी १९५०-५१ साली उत्खनन झाले. पुढे १९५४ पासून डॉ. ह. धी. सांकलिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेवासे येथील टेकाड खणून पाहिले. श्रीरामपूर तालुक्यातील प्रवरातीरावरच्या दायमाबादचा शोध १९५८ साली लागला आणि तेथे १९७९ पर्यंत टप्प्याटप्प्याने काम झाले. या तिन्ही ठिकाणी मिळून जे चित्र उभे राहिले, ते असे : येशू ख्रिस्ताच्या जन्मापूर्वी हजार ते चौदाशे वर्षे या नदीखोऱ्यांत शेती करणारी, गुरे पाळणारी, तांब्याची आणि दगडाची हत्यारे वापरणारी, तांबड्या भांड्यांवर काळ्या रंगाने नक्षी काढणारी माणसे राहत होती. दायमाबादला तर त्याही आधीचे थर आहेत. त्या संस्कृतीला विद्वानांनी 'जोर्वे संस्कृती' असे नाव दिले, आणि महाराष्ट्रात अन्यत्र तशी भांडी सापडली तरी तिला हेच नाव लागू झाले. यातील गंमत पाहा. त्या माणसांनी स्वतःला काय म्हटले असेल ते आपणांस ठाऊक नाही. त्यांनी काही लिहून ठेवले नाही. म्हणून कितीतरी नंतर वसलेल्या एका खेड्याचे नाव आपण त्यांना उसने दिले. एरवी पूर्वज वंशजांना नाव देतात. येथे मागाहून आलेल्यांनी आधीच्यांना दिले.

त्या लोकांची एक चाल आम्हाला नेहमी अस्वस्थ करते. लहान मूल दगावले, तर ते त्याला गावाबाहेर नेत नसत. दोन मडक्यांची तोंडे एकमेकांना जोडून, त्यांत त्या बालकाला ठेवून, राहत्या घराच्या जमिनीखाली पुरत. नेवासे येथे अशा एका बालकाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ सापडली; मण्यांत ओवलेल्या धाग्याचे अंशसुद्धा तांब्याच्या गंजामुळे टिकून राहिले होते. तो धागा कोणत्या तरी आईने ओवला असेल. त्या बालकाला तिने कोणत्या तरी नावाने हाक मारली असेल. आपल्या मंदिरात स्नानसंस्काराच्या प्रारंभी धर्मगुरू आईबापांना पहिला प्रश्न विचारतात, तो हाच की, तुम्ही या बालकाचे नाव काय ठेवले? ज्या श्रद्धेचा पहिलाच प्रश्न नावाविषयी आहे, तिच्या अनुयायांना त्या मडक्यातील अनाम बालकाविषयी काहीच वाटू नये, हे आम्हाला शक्य दिसत नाही.

आता कोणी म्हणेल, की भाषा मेली, नाव मेले, मग शोधणार कोठे? याचे उत्तर, काही अंशी तरी, गावांच्या नावांत आहे. माणसे बदलतात, भाषा बदलते, परंतु नवा येणारा जुन्याला विचारतो, "या नदीला काय म्हणता? या टेकडीला काय म्हणता?" आणि ते नाव आपल्या जिभेला झेपेल तसे वळवून पुढे चालवतो. म्हणून आपल्या जिल्ह्याचा नकाशा हा एकाच भाषेचा ग्रंथ नाही. दायमाबाद या नावातील 'आबाद' फारसी आहे, आणि त्या फारसी नावाखाली चार हजार वर्षांपूर्वीचे घर निजलेले आहे. संगमनेर, पारनेर यांतील 'नेर' हे संस्कृत 'नगर' शब्दाचे प्राकृतातून झिजत आलेले रूप मानतात. १४९० साली मलिक अहमद निजामशहाने जुन्या भिंगार गावाच्या शेजारी जे शहर वसवण्यास आरंभ केला, त्याच्या नावात अरबी 'अहमद' आणि संस्कृत 'नगर' शेजारी शेजारी बसले. बाभळेश्वर, हिवरे, पिंपळगाव, चिंचोली ही नावे झाडांची आहेत.

यांतील चिंचोली हे नाव थोडे थांबून पाहण्यासारखे आहे. चिंच तर उघड आहे. पण 'ओली' म्हणजे काय? कोकणातील बोरिवली, डोंबिवली, कणकवली या नावांच्या शेवटी जो 'वली' आहे, त्याचेच हे भावंड असावे असे अनेक अभ्यासक मानतात आणि त्याचे मूळ द्राविडी भाषांतील 'पळ्ळी', 'हळ्ळी' म्हणजे वस्ती, खेडे, या शब्दात शोधतात. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ फ्रँकलिन साउथवर्थ यांनी २००५ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात महाराष्ट्रातील अशा नावांची मांडणी केली आणि या प्रदेशात एके काळी द्राविडी भाषा बोलणारी वस्ती असली पाहिजे असा निष्कर्ष काढला. आपल्याकडे विश्वनाथ खैरे यांनी मराठीची नाळ तमिळशी जोडून दाखवण्यासाठी उभे आयुष्य वेचले. दुसरे काही अभ्यासक 'ओली'चा उगम संस्कृत 'आवली' म्हणजे ओळ, रांग, या शब्दात पाहतात. हा वाद आम्ही सोडवू शकत नाही. परंतु घरात थोरल्या बहिणीला 'अक्का' आणि थोरल्या भावाला 'अण्णा' म्हणणाऱ्या, भातावर 'तूप' वाढणाऱ्या मराठी माणसाने दक्षिणेकडच्या भाषांशी आपले नाते नाकारण्यात अर्थ नाही. हे शब्द आपण विकत आणलेले नाहीत; कोणाच्या तरी शेजारात, कोणाच्या तरी घरात राहून ते आपल्या मुखी आले आहेत.

हा अनुभव आपल्याच भूमीचा आहे असे नाही. युरोपच्या अगदी उत्तरेस, नॉर्वे, स्वीडन, फिनलंड आणि रशिया या देशांत सामी नावाचा एक लोकसमाज राहतो. मासेमारी, शिकार आणि रेनडिअर पाळणे हे त्यांचे परंपरागत व्यवसाय. शेजारी त्यांना 'लॅप' म्हणत. ते नाव त्यांना अवमानकारक वाटते, कारण ते त्यांनी स्वतः घेतलेले नाही. आज सामी लोक उत्तरेकडे आढळतात, पण दूर दक्षिणेस, फिनलंडची राजधानी हेलसिंकीच्या जवळ, नूक्सिओ नावाचे अरण्य आहे. त्या नावाचे मूळ सामी भाषेतील हंस या अर्थाच्या शब्दात आहे असे भाषाशास्त्रज्ञ सांगतात. तेथे आज सामी भाषा कोणी बोलत नाही. फिनिश बोलणारी मुले सहलीला जातात आणि नकळत एका सामी हंसाचे नाव घेतात.

कथा येथेच संपली असती, तर ती केवळ आधीच्यांवर झालेल्या अन्यायाची कथा झाली असती. परंतु आन्ते आइकिओ या विद्वानाने, जो स्वतः सामी आहे, उत्तरेकडच्या नावांचा अभ्यास करून दाखवले, की तेथील कित्येक स्थलनावे सामी भाषेतूनही उलगडत नाहीत. सामी भाषा तेथे पोहोचली त्यापूर्वी आणखी कोणी तरी तेथे राहत होते. त्यांची भाषा पूर्णपणे लोपली आणि केवळ काही नावे सामींच्या मुखातून पुढे आली. म्हणजे ज्यांना आपण 'आधीचे' म्हणतो, त्यांच्याही आधीचे कोणी होते. प्रवरेकाठच्या आजींचे शब्द त्या हिमप्रदेशातही खरे ठरतात.

या ठिकाणी विचार करणाऱ्या माणसासमोर दोन सोप्या वाटा उघडतात, आणि आमच्या मते दोन्ही चुकीच्या आहेत.

पहिली वाट अशी, की नावांचा पुरावा घेऊन 'आम्हीच पहिले, म्हणून भूमी आमची आणि बाकीचे उपरे' असा दावा करावा. आपल्या देशात, आपल्या राज्यात असे दावे किती कटुता निर्माण करतात, हे आम्ही सांगावयास नको. ख्रिस्ती कुटुंबांना तर 'तुम्ही बाहेरचे' हे शब्द अधूनमधून ऐकावे लागतात; ज्यांचे आजे-पणजे याच काळ्या मातीत राबले आणि याच मातीत मिसळले, त्यांनाही. या शब्दांना उत्तर म्हणून आपणही 'आम्हीच मूळचे' असा प्रतिदावा करावा असे क्षणभर वाटते. पण स्थलनावे कोणाच्याच दाव्याला साथ देत नाहीत. जो खोल खणू जातो, त्याला आपल्या पायाखाली दुसऱ्याचा पाया सापडतो.

दुसरी वाट अधिक फसवी आहे. ती म्हणते, सारेच जर मागाहून आलेले, तर कोणीच कोणाचे काही लागत नाही. इतिहासात असे चालतेच; जो टिकला त्याची भूमी. हा युक्तिवाद नेहमी टिकलेला माणूस करतो, उठवला गेलेला कधी करत नाही, एवढ्यावरूनच त्याची परीक्षा व्हावी.

मग तिसरी वाट कोणती? आम्ही ती पवित्र शास्त्रात शोधली, आणि तेथे जे सापडले त्याने आम्ही चकित झालो. इस्राएल लोक कनान देशात मागाहून आले. त्यांनी गावांना नवी नावे दिली. परंतु बायबलचे लेखक जुने नाव पुसून टाकत नाहीत. याकोबाने स्वप्नात शिडी पाहिली आणि त्या जागेस बेथेल म्हणजे देवाचे घर असे नाव दिले. त्याच वचनात उत्पत्तीचा ग्रंथ सांगतो, की त्या नगराचे पूर्वीचे नाव लूज होते. हेब्रोनचे जुने नाव यहोशवाच्या ग्रंथात नोंदलेले आहे. अनुवादाच्या दुसऱ्या अध्यायात तर मवाब आणि सेईर या प्रदेशांत आधी कोणते लोक राहत, त्यांना शेजारी काय म्हणत, याचीही टिपणे आहेत. इस्राएलचा त्या लोकांशी काही संबंध नव्हता. तरीही त्यांची नोंद पवित्र ग्रंथात आली.

याहून कठोर एक प्रसंग शास्ते या ग्रंथाच्या अठराव्या अध्यायात आहे. दान वंशाचे लोक लईश नावाच्या नगरावर चालून गेले. तेथील लोक शांत, निःशंक, कोणाच्या अध्यात ना मध्यात असे होते. दान वंशाने त्यांची कत्तल केली, नगर जाळले, पुन्हा बांधले आणि त्याला आपल्या पूर्वजाचे नाव दिले. हा विजय इस्राएलचा. तो सांगणारा ग्रंथही इस्राएलचाच. तरीही लेखक त्या लोकांचा शांतपणा लपवत नाही, आणि शेवटी नोंदवतो, की त्या नगराचे नाव पूर्वी लईश होते. विजेत्याच्या पुस्तकात पराभूताचे नाव लिहून ठेवणे, हे आम्हाला पश्चात्तापाचे पहिले पाऊल वाटते. त्याच ग्रंथाच्या पहिल्या अध्यायात लूज नगराचा पाडाव होतो, तेव्हा एक मनुष्य जीव वाचवून दूर हित्ती लोकांच्या देशात जातो, तेथे एक नगर बांधतो आणि त्याला पुन्हा लूज हेच नाव देतो. जायकवाडी धरणाच्या नाथसागराने आपल्या शेवगाव आणि नेवासे तालुक्यांतील शिवारेही पोटात घेतली. धरणांखाली जमिनी गेलेल्या कुटुंबांनी नव्या जागी जुन्याच गावाचे नाव लावल्याचे आपण पाहतो. त्या हित्ती देशातील अनाम माणसाचे दुःख आपल्या लोकांना परके वाटणार नाही.

इस्राएलला देवाने वारंवार बजावले, की तुम्ही न बांधलेली नगरे, न खोदलेल्या विहिरी आणि न लावलेले द्राक्षमळे तुम्हाला मिळत आहेत. पोट भरल्यावर हे विसरू नका. लेवीय ग्रंथात तर जमीन देवाची आणि आपण तिच्यावर पाहुणे, असे स्पष्टच म्हटले आहे. यातच आमच्या प्रश्नाचे उत्तर आहे असे आम्हाला वाटते. पाहुण्याला घराची मालकी सांगता येत नाही. परंतु आपल्या आधी त्या खाटेवर निजून गेलेल्या पाहुण्याची वस्तू सापडली, तर ती जपून ठेवणे हे त्याचे कर्तव्य आहे. स्थलनाव ही अशी राहून गेलेली वस्तू आहे. तिने आपल्याला हक्क मिळत नाही. आपल्यावर जबाबदारी येते.

पण जपणे म्हणजे प्रत्येक जुने नाव आहे तसे चालवणे काय? येथे मात्र विवेक हवा. डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. महारवाडा, मांगवाडा अशा नावांच्या जागी समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावे यावीत, हा त्यामागचा हेतू. आमच्या जिल्ह्यातील अनेक ख्रिस्ती कुटुंबांचे पूर्वज याच वाड्यांतून आले. टपालावर तो पत्ता लिहिताना ज्यांचा हात अडखळला, त्यांना 'जुने नाव जपा' असे सांगण्याचा अधिकार कोणालाही नाही. ते नाव तेथे राहणाऱ्यांनी ठेवलेले नव्हते. त्यांना दूर ठेवण्यासाठी इतरांनी लावलेली ती कुंपणाची काठी होती. सामींना 'लॅप' शब्द का नकोसा वाटतो, हे आपल्या लोकांना समजावून सांगावे लागणार नाही.

आता याच्या शेजारी दुसरे उदाहरण ठेवू. आपल्या जिल्ह्यातील श्रीगोंदे हे गाव पूर्वी चांभारगोंदे या नावाने प्रसिद्ध होते. गोविंद नावाचा एक चांभार भक्त तेथे होऊन गेला आणि त्याच्यावरून गावाला ते नाव पडले, अशी परंपरा आहे. शब्द जातीचाच, परंतु येथे तो कुंपण नव्हता, तो मान होता. पातशहाच्या, सरदाराच्या नावाने गावे वसतात, पण चामडे शिवणाऱ्या एका भाविकाच्या नावाने अवघा गाव ओळखला जावा, ही केवढी गोष्ट! आज 'श्री' आला आणि चांभार गेला. कोणी हे मुद्दाम दुष्टपणे केले असे आम्ही म्हणत नाही. पण जे नाव शरमेचे होते ते गेले, यात मुक्ती आहे. आणि जे नाव सन्मानाचे होते ते गेले, यात हानी आहे. दोन्ही ठिकाणी शब्द सारखा, पण न्याय वेगळा. म्हणून नाव ठेवावे की बदलावे हे ठरवताना आम्ही दोन प्रश्न विचारू : हे नाव कोणी ठेवले? आणि ज्यांच्याविषयी ते आहे, त्यांना ते हवे आहे काय?

ऑक्टोबर २०२४ मध्ये आपल्या जिल्ह्याचेच नाव अहिल्यानगर झाले. जामखेड तालुक्यातील चोंडी येथे १७२५ साली जन्मलेल्या अहिल्याबाईंनी घाट बांधले, विहिरी आणि धर्मशाळा उभारल्या. कोणत्याही भूमीने अभिमान बाळगावा अशी ती स्त्री होती. पाचशे वर्षांचे जुने नावही कोणाच्या तरी स्मृतीचा भाग आहे. या निर्णयावर आम्ही येथे मत देत नाही. आम्ही इतकेच म्हणू, की नव्या पाट्या लावणाऱ्या हातांनी शास्त्रकाराची ती एक सवय उचलावी : या नगराचे नाव पूर्वी अमुक होते, एवढे मुलांच्या पुस्तकात राहू द्यावे. सामान्य माणसाने तर आपला मार्ग केव्हाच काढला आहे. तो एसटीत बसून आजही 'नगर'चेच तिकीट मागतो.

या सर्व विचाराला एक जिवंत बाजू आहे, आणि तीच आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते. आधीचे सारेच मातीखाली गेलेले नाहीत. अकोले तालुक्याच्या डोंगरांत महादेव कोळी आणि ठाकर समाज, आणि जिल्ह्याच्या नदीकाठांवर भिल्ल समाज आज नांदत आहे. दायमाबादला १९७४ साली रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा या चार ब्राँझच्या मूर्ती सापडल्या. त्यांचे एकत्रित वजन साठ किलोंहून अधिक आहे, आणि त्या नेमक्या कोणत्या काळच्या याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. त्या प्रथम हाती लागल्या त्या कोणा प्राध्यापकाच्या नव्हे, तर झाडाच्या मुळाशी खणत असलेल्या छाबू लक्ष्मण भिल्ल या शेतकऱ्याच्या. विद्वानांनी आपल्या ग्रंथांत त्याचे नाव नोंदवले, याचे आम्हाला समाधान वाटते.

महाराष्ट्राचे सर्वांत उंच शिखर, १६४६ मीटर उंचीचे कळसूबाई, हेही कोणा राजाच्या नावाचे नाही. जुन्या गॅझेटिअरने नोंदवलेली कथा अशी, की कळसू नावाची कोळ्याची मुलगी पायथ्याच्या गावी एका घरी कामाला राहिली. भांडी घासणार नाही आणि केर काढणार नाही, अशी तिची अट होती. एके दिवशी घरातील कोणी तरी तिला नेमकी तीच कामे सांगितली. तिने ती मुकाट्याने केली, आणि मग डोंगर चढून गेली ती पुन्हा खाली उतरली नाही. तिने जेथे भांडी घासली आणि जेथे केर काढला, त्या जागांनाही लोकांनी वेगळी नावे दिली. घरकामाला ठेवलेल्या एका मुलीला दिलेला शब्द मोडला गेला, याची साक्ष महाराष्ट्राच्या माथ्यावर कायमची कोरली गेली आहे. ती कोरणारे लोक लिहिणारे नव्हते. त्यांच्यापाशी केवळ नावे होती.

ही नावे आज कोर्टकचेरीच्या कामीही येऊ शकतात, हे अनेकांना ठाऊक नसते. २००६ च्या वनहक्क कायद्याखालील नियमांत, दाव्याचा पुरावा म्हणून केवळ कागदच मागितलेले नाहीत. दावेदाराखेरीज इतर वडीलधाऱ्यांचे लिहून घेतलेले निवेदनही पुरावा म्हणून ग्राह्य आहे. जुनी विहीर, दफनभूमी, देवस्थान यांच्या खुणाही धरल्या जातात. ज्या म्हाताऱ्याला आपल्या ओढ्याचे, खडकाचे, देवराईचे नाव सांगता येते, तो आपल्या नातवंडांच्या पायाखालची जमीन राखू शकतो. त्याचा नातू शाळेत जाऊन ती नावे विसरला, तर तो केवळ शब्द विसरत नाही. नॉर्वेत १९९० साली स्थलनावांचा कायदा झाला आणि पाट्यांवर सामी नावे येऊ लागली, तेव्हा उत्तरेकडील कोफ्योर येथे अशा पाटीवर गोळ्या झाडल्या गेल्या. एका पाटीवर कोणी गोळी झाडतो, त्याअर्थी नावात काय आहे, हे त्याला पुरेपूर कळलेले असते.

आपल्या ख्रिस्तसभेनेही या कसोटीला उभे राहिले पाहिजे. आपल्या जिल्ह्यातील राहुरी तालुक्यात, केंदळ या खेड्यात, जर्मन जेसुइट फादर हेन्री डोरिंग यांनी १९०३ साली मासिक सुरू केले, तेव्हा त्याला जर्मन किंवा लॅटिन नाव दिले नाही. 'निरोप्या' हा गावातलाच शब्द निवडला. परक्या भूमीत आलेल्याने तेथील शब्द आदराने उचलावा, याचा हा चांगला धडा आहे. परंतु नव्या श्रद्धेसोबत जुने ते सारे टाकाऊ मानण्याची चूकही आपल्या हातून कधी कधी घडली. त्या मातोश्रींनी आसरांची पट्टी म्हटले, तेव्हा धाकट्या सुनेने लाजून त्यांना गप्प केले होते. आम्हाला वाटते, सुनेने लाजण्याचे कारण नव्हते. त्या पट्टीवर एके काळी कोणी तरी भीत भीत पाण्याला हात जोडले होते. ज्याने तो देव ओळखला नव्हता, त्याचीही तहान देवाने भागवलीच होती.

नोव्हेंबरच्या दोन तारखेला आपण कबरस्तानात जातो, मेणबत्त्या लावतो, आपल्या माणसांची नावे घेतो. त्या दिवशी ख्रिस्तसभा सर्वच मृतांसाठी प्रार्थना करते. केवळ आपल्या घरच्यांसाठी नव्हे. त्या प्रार्थनेत नेवाशाचे ते मण्यांची माळ घातलेले बालकही आहे, असे आम्ही मानतो. त्याचे नाव देवाला ठाऊक आहे. आपल्या हाती उरले आहे ते एवढेच, की जी नावे अजून कोणाच्या तरी ओठांवर आहेत, ती आपल्या निष्काळजीपणाने जाऊ देऊ नयेत. प्रत्येक धर्मग्रामात एक वही असावी. दिवाळीच्या किंवा नाताळच्या सुटीत मुलांनी आजी-आजोबांपाशी बसून शेताची, ओढ्याची, टेकाडाची, पाणंदीची नावे तीत लिहावीत, आणि शेजारच्या कोळी, ठाकर, भिल्ल कुटुंबांकडे जाऊन त्यांचीही विचारावीत. यासाठी पैसा लागत नाही. फक्त दुसऱ्याच्या अंगणात बसून ऐकण्याची नम्रता लागते.

त्या वाटणीचे पुढे काय झाले, ते सांगून हे लांबलेले लेखन संपवतो. कागद तयार झाला. गटांचे क्रमांक, क्षेत्र, चतुःसीमा सारे रीतसर लिहिले गेले. सह्या होण्यापूर्वी थोरल्याने कागद पुन्हा हातात घेतला आणि प्रत्येक क्रमांकाच्या पुढे आईने सांगितलेले नाव स्वतःच्या अक्षरात लिहिले. पांढरीचे वावर त्यानेच मागून घेतले. खापरे निघतात, पीक जरा कमी येईल, असे धाकटा म्हणाला, तेव्हा तो म्हणाला, "निघू दे. कुणाची तरी घरं होती ती."

मातोश्री मग काही बोलल्या नाहीत. त्यांनी उठून सर्वांसाठी चहा ठेवला.